हळद, मेथी आणि शाई

चिंधाला कुणी विचारलं, गुड्डी तुमची कोण, तर तो "माझी पोरगी" म्हणायचा आणि वर उगाच जोडायचा, "तिसऱ्या दिवसापासून." ऐकणाऱ्याला वाटायचं, माणूस जरा चक्रम दिसतो. पण त्यात खोटं काही नव्हतं. दिवाळी आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, असा वर्षातून दोनदा तो सिल्वासाहून साक्रीजवळच्या आपल्या गावी जायचा. पहिल्या दिवशी गुड्डी आईच्या पदरामागे लपायची. दुसऱ्या दिवशी लांबून टकामका बघायची, नाव विचारलं तर सांगायची. तिसऱ्या दिवशी कुठे गळ्यात हात पडायचे, पाठीवर चढणं व्हायचं, पप्पा पप्पा करून जीव खाणं व्हायचं, आणि त्याच दिवशी दुपारच्या गाडीने चिंधाला परत निघावं लागायचं. तिला वर्षाची सोडून तो इथे आला, त्याला आठ वर्षं झाली. आठ वर्षांत बापाला पोरगी मिळाली ती अशी अर्धा अर्धा दिवस करून. तुम्हीच सांगा, ही काय तऱ्हा झाली?

म्हणून यंदा त्याने बेत केला होता. आखाजीला जायचंच नाही, रजा राखून ठेवायची. शाळेला सुट्टी लागली की ममताने, म्हणजे त्याच्या बायकोने, गुड्डीला घेऊन इकडे यायचं, सुट्टी संपेस्तोवर राहायचं, आणि पोरीला गमलं तर जूनमध्ये इथल्याच मराठी शाळेत नाव घालायचं. रांधा गावाच्या रस्त्याला चाळीत त्याची खोली होती, दहा बाय बाराची. तिला त्याने स्वतः चुना लावला. खिडकीखाली पोरीपुरती लहान खाट टाकली. मे महिन्यातल्या एका मंगळवारचं रिझर्वेशन झालं. आता राहिलं काय?

राहिलं होतं गुड्डीचं मन. इथेच तर घोडं पेंड खात होतं. फोनवर ती चार शब्द बोलायची. "हो. जेवली. देते आईला." की झालं. चिंधा बिचारा फोन कानाला धरून बसायचा, पलीकडून भांडी वाजल्याचे आवाज ऐकत.

मग होळीच्या सुमाराला काय झालं, व्हिडिओ कॉल चालू होता आणि खालून पप्पूची सायकल चालली होती. हा पप्पू रविवारच्या बाजारात पाखरं विकायचा, आणि एरवी सायकलला पिंजरे लटकवून चाळीचाळीतून फिरायचा. किलबिल ऐकली आणि गुड्डी म्हणाली, "पप्पा, ते काय वाजलं?"

आठ वर्षांत फोनवर तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. चिंधा अनवाणी जिना उतरून पळाला, फोन तसाच हातात. पप्पूला रस्त्यात अडवून त्याने फोन पिंजऱ्यासमोर धरला आणि पोरीला सगळी पाखरं दाखवली. ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ती, मुठीएवढी, आखूड चोचीची. दुसऱ्याच रविवारी त्याने जोडी आणली, एक पिवळी, एक हिरवी. गुड्डीने फोनवरूनच त्यांचं बारसं केलं. पिवळी ती हळद, हिरवी ती मेथी. आता ती रोज विचारायची, हळदीने काय खाल्लं, मेथी भांडली का. आणि एके दिवशी म्हणाली, "निळा आणा ना, पप्पा. निळा आणला की मी येते."

आंधळा मागतो एक डोळा! चिंधाला वाटलं, आता फक्त निळा रंग आणायचा, की पोरगी आलीच.

आता हा चिंधा काम काय करायचा ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी फजिती त्यातच आहे. तो यार्नच्या कारखान्यात पॅकिंगला चेकर होता. धाग्याचे कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेली रिळं, ट्रॉलीवरून यायचे आणि अंधाऱ्या केबिनमध्ये जांभळ्या दिव्याखाली तो एकेक निरखायचा. साध्या उजेडात सगळे कोन पांढरेशुभ्र, सख्खे भाऊ. जांभळ्या दिव्याखाली दुसऱ्या लॉटचा कोन लगेच वेगळा चमकतो. त्यातला एक जरी चुकून पेटीत गेला, तरी पुढे कापड रंगवलं की मधोमध पट्टा उठतो आणि सगळा माल परत. म्हणून नवा लॉट आला की तो वेगळा उभा करायचा, चिठ्ठी लावायची, तपासणी होईस्तोवर जुन्याला त्याचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. नवीन कामगार आला की चिंधा त्याला हेच पढवायचा, "नवा तो वेगळा. आधी वेगळा, मग मिक्स." आठ वर्षांत त्याच्या हातून एकदाही लॉट मिक्स झाला नाही. कारखान्याचे श्रीधरसाहेब, नाशिकचे, चार लोकांत त्याचं नाव घ्यायचे.

आणि एप्रिलच्या एका रविवारी पप्पूकडे निळं पाखरू आलं. चिंधा ते पिशवीत घालून, छातीशी धरून घरी आला. आता त्याच्या गावची रीत अशी, की बाजारातून नवा बैल आणला की त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा, आणि पहिल्याच संध्याकाळी त्याला जुन्या बैलासोबत एकाच गव्हाणीला लावायचं. एका गव्हाणीत तोंड घातलं की जोडी जमते, मग शिंगं लावत नाहीत. त्याच्या बापाने हेच केलं, आज्यानेही हेच केलं. चिंधाने निळ्या पाखरावरून भाकरीचा तुकडा ओवाळला, तो गॅलरीतून कावळ्यांना टाकला, आणि पिंजऱ्यात एकच वाटी ठेवून तिघांना एकत्र सोडलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! फोनवर गुड्डी टाळ्या पिटत म्हणाली, "हिचं नाव शाई."

शाई पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसून राहिली. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. दुसऱ्या दिवशीही तेच. चिंधाला हसू आलं. "लाजते," तो शेजारच्या पुतळाबाईला म्हणाला. "आमच्या गुड्डीसारखीच आहे. पहिल्या दिवशी लपणार, दुसऱ्या दिवशी लांबून बघणार. तिसऱ्या दिवशी बघा कशी येते."

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. शाई काही खुलली नाही. चिंधा म्हणे, थोडी जास्तच लाजरी आहे. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, दुसरं काय? अकराव्या दिवशी, बुधवारी, हळद शिंकली. मग मेथी शिंकली. हळदीचं नाक ओलं दिसलं, श्वासागणिक शेपूट खालीवर होत होतं, आणि पिंजऱ्यातल्या कागदावर हिरवट पाणी.

गुरुवारी दांडी मारून तो पिंजऱ्यावर ओढणी टाकून जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथे सुरंगी गावाकडची दोन माणसं शेळ्या घेऊन बसली होती. त्यांनी आधी पिंजऱ्याकडे आणि मग चिंधाकडे असं पाहिलं, की त्याला उगाचच लाज वाटली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, ऋचा नावाच्या. त्यांनी पिंजऱ्याजवळ जाण्याआधी तोंडाला मास्क लावला, त्यालाही एक दिला.

"नवीन कुठला यातला?"

"निळी. आज बारावा दिवस."

"वेगळी किती दिवस ठेवली होतीत?"

"वेगळी?" चिंधा म्हणाला. "मी तर एका वाटीत जेवायला लावलं, बाई. जमावं म्हणून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच त्याला जड गेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "नवीन आलेल्याला तीस दिवस वेगळं ठेवायचं. वेगळी जागा, वेगळी वाटी, वेगळं पाणी. तीस दिवस कुठे हलवायचं नाही, कुणात सोडायचं नाही. त्यात काय असेल ते बाहेर पडतं. मग एकत्र करायचं."

चिंधाचे कान तापले. हे वाक्य तर त्याचं स्वतःचं होतं! रोज दहादा तोंडाने म्हणायचं, आणि घरी येऊन पाखरांत नवा लॉट मिसळून टाकायचा. त्याला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

बाईंनी नमुना घेतला. म्हणाल्या, "अहवाल येईल तेव्हा येईल. मला जी शंका आहे तो आजार पाखरांकडून माणसाला होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात गेली तरी पुरे. औषध पंचेचाळीस दिवस, पाण्यातून, रोज ताजं, एकही खाडा नाही. पिंजऱ्यात चोच घासायला टांगलेला समुद्रफेस काढून टाका, त्याने औषध लागू पडत नाही. घाण झाडायची नाही, ओली करून पुसायची. तुम्हाला ताप-खोकला आला तर दवाखान्यात आधी सांगायचं, घरी पाखरं आजारी आहेत म्हणून." मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

सकाळपासून चिंधा पहिल्यांदा हसला. "येणार आहे ना! मंगळवारी. पोरगी माझी."

"तिला दम्याबिम्याचा त्रास?"

"छाती भरते कधीमधी. लहानपणापासून आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग त्या खोलीत तिला आणू नका. औषध संपेपर्यंत तरी नाही."

पंचेचाळीस दिवस. चिंधाने तिथेच बोटांवर मोजलं. सगळी सुट्टी त्यात जात होती, आणि शाळेत नाव घालायचे दिवसही. पाखरं दुसरीकडे न्यावीत तर कुठे? चाळीत घरोघरी पोरं. खोलीला दुसरं दार नाही, की माडी नाही. शुक्रवार आणि शनिवार त्याने विचार करण्यात घालवले. शनिवारी तर जांभळ्या दिव्याखाली बसून तो कोन पाहत होता आणि त्याला एकही कोन दिसत नव्हता. त्याला दिसत होती खिडकीखालची लहान खाट.

रविवारी सकाळी त्याने पिंजरा सायकलला बांधला आणि बाजार गाठला. पप्पूने ओढणी उचलून आत पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"अरे चिंधाभाई, टेन्शन कशाला घेता? तिन्ही द्या वापस, दुसरे तीन घेऊन जा. हेच कलर. पोरीला काय समजतंय?"

चिंधाला समोर दिसायला लागलं. मंगळवारी पोरगी येणार, खोली स्वच्छ पुसलेली, खिडकीत हळद, मेथी, शाई, तीच नावं, तेच रंग. तीन दिवस नव्हे, सगळा महिना. चौथा दिवस कसा असतो हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं. पोरगी चौथ्या दिवशी काय बोलते, पाचव्या दिवशी कशावरून रुसते, रोज सकाळी वेणी कुणाकडून घालून घेते? त्याला ते सगळं हवं होतं. इतकं हवं होतं, की त्याने मान हलवली.

पप्पूने हात घालून मेथीला मुठीत धरलं. शेजारी त्याचा मोठा पिंजरा होता, त्यात तीसचाळीस पाखरं कलकलत होती. त्याने त्या पिंजऱ्याचं दार उघडलं.

"ए! मिक्स नको करू!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. भाजीवाली वजन करताना थांबली. हे आपणच ओरडलो हे चिंधाला ओरडून झाल्यावर कळलं. कारखान्यात जसं ओरडायचा तसंच, पोटातून. "मिक्स नको करू! खराब लॉट आहे तो!"

पप्पू मूठ हवेत धरून तसाच उभा. चिंधाने त्याच्या हातातून मेथीला सोडवून घेतलं, आपल्या पिंजऱ्यात ठेवलं. पप्पू हळू आवाजात म्हणाला, "निळीच्या बरोबरचे चार गेले माझ्याकडे. मला वाटलं गरमीने. मी पण बाहेरूनच आणतो, चिंधाभाई." चिंधाने त्याला डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, राहिलेली पाखरं वेगळी काढायला लावली, आणि सायकल वळवली. परतीच्या वाटेवर तो सायकलवर बसलाच नाही, हातात धरून चालत आला.

दुपारी त्याने फोन लावला. ममताने सगळं ऐकून घेतलं. मग तिचा बांध फुटला.

"काय करून राहिले तुम्ही? आठ वर्षं झाली! पिशव्या भरून ठेवल्या मी, पोरगी सांगत फिरते गावभर. माणसं मोठी की पाखरं? द्या ना रानात सोडून."

"कोणत्या रानात सोडू? खानवेलच्या? तिथे पाखरं नाहीत का, ममता?"

"मग परत द्या त्या मेल्याला."

"गेलो होतो," चिंधा म्हणाला. "देववलं नाही. उद्या कुणाच्या घरी जातील. त्याच्याही घरात पोरगी असंल."

ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि जळत तर दोघांचंही होतं. मग फोन गुड्डीच्या हातात गेला. चिंधाला वाटलं, आता ती चार शब्द बोलेल आणि मग कधीच बोलणार नाही. त्याने तिला सगळं सांगितलं. नवीन आलेल्याला तीस दिवस वेगळं ठेवायचं असतं, कुठे हलवायचं नसतं, मला ठाऊक असून मी ठेवलं नाही, चूक माझी, शाईची नाही.

"शाई बरी होईल ना?"

"औषध दिलं तर होईल."

"मग द्या," गुड्डी म्हणाली. "मी थांबते." आणि फोन आईकडे न देताच तिने ठेवून दिला.

मंगळवार आला आणि गेला. त्या दिवशी चिंधाने ती लहान खाट भिंतीला उभी करून ठेवली, कारण आडवी बघवत नव्हती. रोज कामाहून आला की मास्क बांधायचा, कागद ओला करायचा, पुसायचा, हात कोपरापर्यंत धुवायचा, पाण्यात औषध घालायचा. शाईला त्याने आता वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं होतं, उशिरा का होईना. आणि औषधाच्या वेळेला न चुकता फोन वाजायचा. गुड्डीने वहीत पंचेचाळीस चौकोन आखले होते. तो औषध घालायचा आणि ती चौकोनात फुली मारायची. मग बोलत बसायची. कोणत्या मैत्रिणीशी कट्टी झाली, शेजारच्या आक्काबाईची कोंबडी कुठे अंडं घालते, तिला ढेमसाची भाजी का आवडत नाही. अर्धा अर्धा तास! चिंधा ऐकायचा आणि त्याच्या मनात यायचं, हे सगळं इथे, या खोलीत झालं असतं. पोरगी इतकी जवळ आलेली, आणि मध्ये ही एवढी थोरली वाट. आधी बरं होतं म्हणावं का, काही ठाऊकच नव्हतं तेव्हा?

बाराव्या दिवशी सकाळी हळद पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं त्याने तिला पिशवीत बांधून दवाखान्यात नेलं. त्या संध्याकाळी त्याने फोन असा धरला, की फक्त मेथी दिसावी.

"हळद कुठेय?"

"झोपलीय."

"पप्पा." गुड्डीचा आवाज मोठ्या बाईसारखा झाला. "तुम्ही खोटं बोललात तर मी कुणाला विचारू?"

मग त्याने खरं सांगितलं. ती रडली, तो इकडे रडला, आणि कुणीही फोन ठेवला नाही. शेवटी गुड्डी नाक ओढत म्हणाली, "औषध घातलं का आजचं?" त्याने घातलं. तिने फुली मारली.

जून निम्मा सरला. गावची शाळा उघडली, गुड्डी चौथीत बसली, इथल्या शाळेचे प्रवेश संपले. चिंधाने त्याबद्दल तिला काही विचारलं नाही आणि तिने काही सांगितलं नाही. पंचेचाळिसावी फुली पडली. डॉक्टरीणबाईंनी मेथी आणि शाईला पुन्हा तपासलं, नमुना नेला, आणि काही दिवसांनी म्हणाल्या, आता चांगल्या आहेत, एकत्र ठेवा. शाई तर आता इतकी वटवट करायची, की पुतळाबाई भिंतीवर थाप मारायची.

चिंधाने तीन दिवसांची रजा घेतली. पाखरांना पुतळाबाईवर सोपवलं आणि गावी निघाला. साक्रीहून वडापच्या जीपने गाव गाठलं. घराशी आला तेव्हा सवयीने तो अंगणाच्या कडेलाच थांबला. ममता दारात उभी होती. त्याने नेहमीसारखं तिच्या पदरामागे पाहिलं, तिथून डोकावणारी वेणी शोधायला. पदरामागे कुणी नव्हतं.

गुड्डी पडवीत उभी होती, सगळ्यांच्या पुढे. तोंडाला रुमाल बांधलेला, हातात एक वाटी आणि एक तांब्या.

"तिथेच थांबा, पप्पा."

"का गं?"

"तुम्ही नवीन आलात ना?" तिने वाटी आणि तांब्या पडवीच्या टोकाला, टाकलेल्या गोधडीजवळ ठेवले आणि चार पावलं मागे झाली. "ही तुमची वाटी. हा तुमचा तांब्या. ही तुमची जागा. बसा."

ममता पदर तोंडाला लावून हसली. "सकाळपासून हेच चालू आहे हिचं. कुणाचं ऐकत नाही." चिंधालाही हसू आलं. शहाणी झाली पोरगी, बापालाच शिकवते! तो चपला काढून गोधडीवर बसला.

"बरं. बसलो. किती वेळ बसू?"

"तीस दिवस," गुड्डी म्हणाली. "तीस दिवस कुठे हलायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

रुमालाच्या वर तिचे डोळे भरले होते. चिंधाचं हसू तोंडातच राहिलं. तो म्हणाला, "गुड्डी, अगं..."

"नाही. तीस म्हणजे तीस. मी थांबले ना पंचेचाळीस?" तिने दप्तरातून वही काढली. नव्या पानावर चौकोन आधीच आखलेले होते. ती त्याच्यापासून चार हातांवर उंबऱ्यात बसली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि पहिल्या चौकोनात फुली मारली. मग वही उलटी करून त्याला दाखवली.

चिंधाने सगळे चौकोन पाहिले. पाच ओळी, एकेका ओळीत सहा. परवा दुपारी त्याची परतीची गाडी होती.